चोच उघडी, आवाज नाही

रविवार, २

हात वर केला तशी रांग थांबली. शेवटचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळला. तिसऱ्या वाटेवरच्या सपाट दगडापाशी सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं, मुठी छातीशी धरायला लावल्या आणि डोळे मिटायला सांगितले.

‘एक मिनिट. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. तोच आवाज परत आला तर नाही. आणि शेजाऱ्याची नक्कल नको, म्हणून डोळे बंद.’

मीही मिटले. एकवीस वर्षं दर रविवारी अभयारण्यात पक्षी बघायला आलेल्यांकडून हा खेळ करून घेतो. मीच सुरू केला.

आज मी डोळे उघडले तर सगळ्यांनी आधीच उघडलेले. शिस्त नाही. बोटं विचारली. बहुतेकांची सहा-सात. निळी टोपी घातलेल्या एका बाईंची नऊ. माझी चार: तांबट, भारद्वाज, होला आणि लांबवर कुत्रा. कुत्रा धरायचा नाही, म्हणजे तीन.

‘नवख्या माणसाला एकच पक्षी तीन ठिकाणी ऐकू येतो,’ मी म्हणालो. सगळे हसले. निळ्या टोपीच्या बाईही हसल्या, पण बोटं काही त्यांनी मिटली नाहीत.

भिडूशिवाय ही पहिली फेरी. गेल्या आठवड्यात तो निवृत्त झाला आणि मुलीकडे राहायला गेला, सहा तासांवर. कामावरच्या पहिल्या दिवशी मी त्याला भिडू म्हणालो, तेच नाव राहिलं. आमच्या शेवटच्या मोजणीत या दगडापाशी फुलटोच्या पक्षी पाच होते. आज एक नाही. अंगठ्याएवढा पक्षी, त्याला निवृत्तीचं काय कळणार?

सोमवार, ३

मोजणी सोमवारी आणि गुरुवारी. दोघांनी दगडावर पाठीला पाठ लावून बसायचं. पाच मिनिटं. बोलायचं नाही. आपापल्या वहीत लिहायचं आणि सगळ्या जागा संपेपर्यंत एकमेकांची वही बघायची नाही. मग दोन्ही वह्या ताडून एक फॉर्म भरायचा. फरक पडला तर जुन्या माणसाचा आकडा धरायचा. हा नियमही माझाच. दाट झाडीत दिसतं थोडं, मोजणी कानानेच होते.

भिडू शेवटची काही वर्षं पाठीला पाठ लावून बसत नसे. कंबर धरते म्हणायचा. माझ्या शेजारी झाडाला टेकून बसायचा, हात गुडघ्यावर. आणि चुळबुळ. बोटं सारखी वरखाली. आधी वैताग यायचा, मग सवय झाली.

त्याच्या जागी आलेल्या बाई टेलिफोन खात्यातल्या. पंचवीस वर्षं एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसल्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणतात. कामाला चोख दिसतात. बोलतात मात्र फार हळू, जंगलात आहोत म्हणून असेल.

वह्या ताडल्या. मोठे पक्षी दोघांचेही बरोबर जुळले. बाईंच्या वहीत फुलटोच्या सहा, चष्मेवाले चार, शिंजीर तीन. माझ्या वहीत फुलटोच्या शून्य, चष्मेवाला शून्य, शिंजीर एक. तो दिसला म्हणून.

‘सुरुवातीला उत्साहात होतं असं, बाई.’

‘कसं?’

‘किडे पक्षी वाटतात.’

त्यांनी आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘किडे असतील,’ म्हणाल्या.

फॉर्मवर माझे आकडे गेले.

गुरुवार, ६

मनगटावरचं घड्याळ बिघडलं. चालतं, पण गजर वाजत नाही. पाच मिनिटांचा लावून बसलो तो आठ मिनिटं बसूनच राहिलो. वळून पाहिलं तर बाई केव्हाच वही मिटून बसलेल्या.

‘वेळ झाली हे कळलं कसं तुम्हाला?’

‘तुमचं घड्याळ…’ म्हणाल्या आणि थांबल्या.

‘गजर बंद पडलाय.’

भिडू असता तर वेळ झाल्याबरोबर कोपर मारलं असतं त्याने. घड्याळ असूनही मारायचा. त्याचा कशावरच विश्वास नव्हता.

फुलटोच्या शून्य.

शनिवार, ८

घड्याळवाल्याने सेल बदलला आणि घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. ‘वाजतंय की, काका.’

‘आत्ता?’

‘हे काय, आत्ता.’

बाहेर रस्त्यावर गोंगाट होता. घरी येऊन पुन्हा लावून पाहिलं. मुका. हिला म्हटलं, फसवलं मला, माल नकली आहे. ही म्हणाली, ‘कोणाचा?’ आणि आत गेली.

ही हल्ली आतून हाक मारत नाही. ओट्यापासून उठून येते, समोर उभी राहते आणि मग बोलते. वय झालं की माणसाला माणसाजवळ यावंसं वाटतं. बरं वाटतं मला. तरीही काल टोमणा मारलाच: ‘तुमच्यापेक्षा भिंत बरी. भिंत निदान मान डोलावत नाही.’

सोमवार, १०

शून्य. बाईंचे पाच.

विचार करतोय. मोठे आहेत, बारके गेले. तांबट आहे, होला आहे, भारद्वाज तर घुमतोच आहे. फुलटोच्या, चष्मेवाला, शिंजीर नाहीत. असं निवडून कोण जातं? शिकारी पक्षी आला असता तर सगळेच गप्प झाले असते. पाणी आटलं असतं तर मोठे आधी गेले असते. काहीतरी असं आहे की जे फक्त लहान जिवांना बाधतं.

गुरुवार, १३

पाहिला.

वाटेशेजारच्या बागेच्या कुंपणालगतच्या झाडावर, बांडगुळाच्या झुबक्यात. फुलटोच्या. दुर्बिणीत स्वच्छ दिसत होता. मान ताणलेली. चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. गळा थरथरत होता. आवाज नाही. मी तीन-चार मिनिटं बघत राहिलो. एकवीस वर्षांत असं पाहिलेलं नाही. चोच उघडून पक्षी धापा टाकतो तो उन्हाने, नाहीतर विषाने. सकाळचे पावणेसात, ऊन कुठलं? कुंपणापलीकडे बागवाल्याची दोन लाल पिंपं उभी होती.

बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांच्याही डोळ्यांना दुर्बीण आणि तोंडावर हसू. मरणाऱ्या जिवाकडे बघून हसू?

‘बघवत नाही,’ मी म्हणालो.

‘का हो भाऊ? किती सुंदर…’ पुढचं त्या पुटपुटल्या.

बागवाला माझा बारा वर्षांचा ओळखीचा. त्याने असं करावं?

शुक्रवार, १४

अहवाल दिला. एक पान. तीनदा लिहिलं. शेवटचा मसुदा असा: ‘तिसऱ्या वाटेवरील लहान पक्ष्यांचे आवाज बारा दिवसांत पूर्णपणे थांबले आहेत. एक पक्षी चोच उघडी, आवाज नाही अशा अवस्थेत आढळला. शेजारील बागेतील फवारणी हे कारण संभवते.’

अभयारण्याच्या साहेबांनी वाचून चष्मा काढला. ‘तुम्ही लिहिलंत म्हणजे आम्हाला तपासायची गरज नाही.’

बाईंनी खाली सही करायला नकार दिला. ‘मी जे ऐकलं ते तुम्ही खोडताय,’ म्हणाल्या, या वेळी चांगल्या मोठ्याने.

‘तुम्ही अकरा दिवसांच्या. मी एकवीस वर्षांचा.’

‘पाळण्यातलंच वय आहे हो माझं. पण कान शाबूत आहेत.’

उद्धट बाई. हे लिहिताना राग येतोय, पण राग नेमका कोणाचा ते धरता येत नाही.

सोमवार, १७

तिसऱ्या वाटेच्या तोंडाशी आडवा दोर बांधला. पाहुण्यांना बंद, फक्त मोजणीवाल्यांना मुभा. बागवाल्याला पत्र गेलं. बाग अभयारण्याच्या जमिनीवर आहे, कराराने दिलेली. करार महिनाअखेर संपतो. नवा करार चौकशी होईपर्यंत थांबवला.

हे मला माहीत नव्हतं. मी फवारणी थांबवा म्हटलं होतं. करार थांबवा म्हटलं नव्हतं.

शून्य. बाईंनी त्यांची वही मला न दाखवता पिशवीत टाकली.

बुधवार, १९

बागवाला घरी आला. बस म्हटलं तर बसेना. दारातच उभा.

‘पिंपात शेणपाणी आहे. येऊन हुंगा. नाक तरी आहे ना?’

‘मी डोळ्यांनी पाहिलंय,’ मी म्हणालो.

‘काय पाहिलंत? बारा वर्षांपूर्वी तुम्हीच आला होता, बांडगूळ तोडू नकोस म्हणून. त्यावर आमचे पिटुकले जगतात म्हणालात. तोडलं का मी? दोन झाडं वाळली त्या बांडगुळापायी. म्हटलं, वाळू देत, शेजारधर्म आहे. आणि आता म्हणे विष घालतो!’

‘मग आवाज का थांबले?’

‘कोणाचे?’

‘फुलटोच्यांचे.’

तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘थांबले? अहो, उजाडल्यापासून टिकटिक टिकटिक डोकं उठवतात. बायको म्हणते त्या पक्षीवाल्या भाऊंना सांगा, तुमची कार्टी आवरा.’

खोटं बोलणाऱ्याचा चेहरा असा नसतो. पण मग खोटं कुठे आहे? मी पाहिलं ते खरं. वहीतला शून्य खरा. हा माणूस खरा. तिन्ही एका वेळी खरी कशी असतील?

ही बाहेर आली. त्याला पाण्याचा पेला दिला. ‘भाऊजी, चार दिवस धीर धरा.’

‘वहिनी, माझ्याकडे दहाच आहेत.’

तो गेल्यावर हिला विचारलं, धीर कशासाठी? ही आत गेली. मग बराच वेळ फोनवर. कोणाशी, विचारलं.

‘भिडूभाऊजी. येताहेत उद्या.’

‘मला द्यायचा ना फोन!’

‘फोनवर ते पुटपुटतात म्हणता ना तुम्ही,’ ही म्हणाली. डोळे लाल होते. कांदा चिरत नव्हती.

शुक्रवार, २१

परत आले!

भिडू काल संध्याकाळी बसने आला. थकला आहे. आज मोजणीचा दिवस नव्हता, तरी त्याला घेऊन गेलो. बाईही आल्या. तिघं दगडापाशी. बाई पाठमोऱ्या, भिडू नेहमीसारखा माझ्या शेजारी झाडाला टेकून, हात गुडघ्यावर. पाच मिनिटं. फुलटोच्या चार. चष्मेवाले दोन. तिन्ही वह्यांत चार आणि दोन! मी टाळी वाजवली. जंगलात टाळी वाजवतात का?

‘बघ, तू आलास आणि आले,’ मी म्हणालो.

भिडू हसला नाही. ‘तू साहेबांना लिहून दिलंस?’

‘दिलं.’

‘बागवाल्याचं नाव घालून?’

‘बाग म्हटलं फक्त.’

‘बाग काय स्वतःच्या पायाने चालते का रे? लिहिण्याआधी मला विचारायचं होतंस.’

‘तुला काय विचारू? तू इथे होतास का?’

‘तेच तर,’ तो म्हणाला. आणि एवढा मोठा माणूस बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

फवारा ओसरला असावा आणि पक्षी परतले असावेत. म्हणजे अहवाल खराच होता आणि आता गरज उरली नाही. असं साहेबांना सांगता येईल. पण बागवाला म्हणतो ते गेलेच नव्हते. बाईही तेच म्हणतात.

आणखी एक. चार लिहिले तेव्हा ऐकल्यासारखे वाटले. आता तो आवाज आठवायला गेलो तर आठवत नाही. भिडूचा हात आठवतो.

शनिवार, २२

दुपारभर भिडू आणि ही आतल्या खोलीत बोलत होती. मी गेलो तशी दोघं गप्प. ‘चहा टाकू का?’ हिने विचारलं. चहा नुकताच झाला होता.

मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं होतं. मधेच दोघांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. म्हणून मीही पाहिलं. पाच वाजले होते. बरोबर पाच.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

‘काय?’ मी विचारलं.

‘काही नाही,’ ही म्हणाली. ‘पाच वाजले.’

रविवार, २३

चौदा पाहुणे. भिडू रांगेच्या शेवटी, बाई मधे. तिसरी वाट बंद, म्हणून दोराच्या अलीकडेच अर्धवर्तुळ केलं. नियम सांगितले. मुठी, डोळे, एक मिनिट. घड्याळाची कळ सवयीने दाबली आणि डोळे मिटले.

मग उघडले. का, ते सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत कधी उघडले नव्हते.

चौदा माणसं डोळे मिटून उभी. असं कोणी कोणाला कधी बघत नसेल. तांबट बोलला. मुठींमधून एकेक बोट निघालं. होला घुमला. दुसरं बोट. मग काही नाही. वाराही नव्हता.

आणि त्या काही नाहीमध्ये चौदाही जणांनी एकदम तिसरं बोट उघडलं.

मला वाटलं, थट्टा आहे. कोणीतरी खूण करतंय. बाईंकडे पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांचेच मिटलेले. पुढे सहा-सात वर्षांची एक मुलगी आजीच्या शेजारी उभी होती, डोळे इतके घट्ट की नाक आक्रसलेलं. तिला कोण शिकवणार? चौथं बोट. पुन्हा सगळ्यांचं एका क्षणी, एका दोरीने ओढल्यासारखं. मी श्वास धरला. ऐकायला गेलो. माझ्या छातीतलं मला ऐकू आलं. पाचवं.

सगळ्यांच्या मागे भिडू. त्याचेही डोळे मिटलेले. खेळात तो कधीच नसतो. पण हात मांडीला लागून होता आणि बोट उचललेलं होतं. ते त्याला माहीतही नसावं.

मग सगळ्यांनी डोळे उघडले. मी अजून उघडा म्हणालो नव्हतो. मनगटाकडे पाहिलं. एक मिनिट झालं होतं.

‘कोणाची किती?’ मी विचारलं. पाच. पाच. सहा. पाच.

‘तुमची किती?’ त्या मुलीने विचारलं.

‘दोन.’

‘मग तुम्ही हरलात.’

‘हो,’ मी म्हणालो.

फेरी पूर्ण केली. धनेशाचं घरटं दाखवलं, दुर्बिणी परत घेतल्या, फाटकापाशी सगळ्यांना निरोप दिला. मग भिडूपाशी गेलो. तो बाकावर बसला होता.

‘किती वर्षं?’

त्याने चार बोटं दाखवली. मग एकदम हात खाली घेतला, आणि तोंडाने, मोठ्याने, ‘चार,’ म्हणाला.

‘सांगितलं का नाहीस?’

‘कंबर दुखते म्हणून शेजारी बसायला लागलो तेव्हा वाटलं, तू विचारशील. मोजणीला पाठीला पाठच हवी म्हणून भांडशील. नियम तुझाच होता. तू म्हणालास, बस बाबा.’

‘मला वाटलं, कंबर दुखते.’

‘कंबर मला पोत्यासकट झाडावर नेईल अजून.’

‘मग चार वर्षांचे फॉर्म कोणाचे?’

‘तू दिसणारे धरलेस. मी उरलेले,’ तो म्हणाला. ‘चाललं असतं रे. मी निवृत्त झालो नसतो तर.’

मी त्याच्यावर ओरडलो असतो, पण कशासाठी ते ठरेना. तो खोटं बोलला नव्हता. मीही नाही. शून्य ऐकलं, शून्य लिहिलं.

घरी आल्यावर ही समोर येऊन उभी राहिली. मी म्हणालो, ‘कळलं.’ तिने मान हलवली आणि पहिल्यांदा कितीतरी दिवसांनी आत जाऊन तिथूनच काहीतरी बोलली. मला शब्द लागले नाहीत. उठून आत गेलो. ‘काय म्हणालीस?’ ‘काही नाही,’ म्हणाली, ‘उठता का ते बघत होते.’

तेरा तारखेची नोंद काढून वाचली. त्या बाई का हसत होत्या ते मी माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

सोमवार, २४

सकाळी सहाला तिसऱ्या वाटेचा दोर सोडला. कोणाला विचारलं नाही. दवाने गाठ फुगली होती, वेळ लागला. मोजणी बाईंनी केली. मी दगडावर पाठीला पाठ लावून बसलो आणि घड्याळाकडे बघून वेळ सांगितली. फुलटोच्या सहा. फॉर्मवर ‘मोजणारे: दोन’ असं छापलेलं असतं. दोन खोडून एक केलं, शेजारी सही केली. बागवाला कुंपणापाशी उभा होता. त्याने हात केला नाही. मीही केला नाही, नंतर करावा असं ठरवलं.

साहेब नऊला येतात. साडेआठपासून त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. हातात अहवाल परत घेण्याचा अर्ज. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: बागेत दोष नाही, अहवाल देणाऱ्याच्या कानात आहे.

साहेबांनी उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे न बघता काहीतरी म्हणाले.

‘मोठ्याने सांगा, साहेब,’ मी म्हणालो. ‘आणि इकडे बघून.’